क्रिलची सुगी आणि क्रिलचा उपास

मुलांनो, तुमच्या नकाशाच्या पुस्तकात जगाचा नकाशा उघडा. अगदी तळाशी एक पांढरी, वेडीवाकडी पट्टी दिसेल. ती अंटार्क्टिका. गोल पृथ्वी सपाट कागदावर बसवताना त्या बिचारीची पार ओढाताण होते. जमलं तर शाळेतला पृथ्वीगोल तळाकडून बघा, म्हणजे तिचा खरा आकार दिसेल. मधोमध बर्फाने झाकलेला खंड आणि त्याच्याभोवती कड्यासारखा पसरलेला दक्षिण महासागर. आजची आपली गोष्ट त्या कड्यातली आहे.

गोष्टीचा नायक मोठ्या माणसाच्या करंगळीएवढा आहे. लांबी फार तर ६ सेंटिमीटर, वजन जेमतेम २ ग्रॅम. नाव क्रिल. मुंबई-कोकणाकडच्या मुलांनी जवळा नक्की पाहिला असेल. उन्हात वाळवलेला, कांद्यावर परतून भाकरीबरोबर खायचा तो जवळा. क्रिल दिसायला त्याच घराण्यातला वाटतो, पण अंगापिंडाने चांगला थोराड. शरीर काचेसारखं आरपार, त्यावर लालसर ठिपके, दोन टपोरे काळे डोळे आणि अंगावर निळा उजेड देणारे इवलेसे दिवे! अंग पारदर्शक असल्यामुळे त्याने काय खाल्लं आहे ते बाहेरूनच कळतं. उन्हाळ्यात पकडलेल्या क्रिलच्या आत हिरवागार डाग दिसतो. ‘आज डबा खाल्लास का रे?’ असं त्याला विचारावंच लागत नाही.

मागे वर्गात देवमाशाचा धडा चालला होता, तेव्हा एका मुलीने विचारलं, “बाई, देवमासा एवढा मोठा, मग तो एवढीशी कोळंबी कशाला खातो? त्याचं पोट कसं भरतं?” प्रश्न अगदी रास्त. निळा देवमासा हा पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा प्राणी. पण तो एकेक क्रिल टिपत बसत नाही. भला थोरला जबडा उघडून क्रिलचा अख्खा थवाच्या थवा पाण्यासकट तोंडात घेतो, मग पाणी गाळून बाहेर टाकतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा हिशेब निघाला, की प्रशांत महासागरातला निळा देवमासा खाण्याच्या दिवसांत रोज सुमारे १६ टन क्रिल फस्त करतो. म्हणजे एक भरलेला मालट्रक, रोज!

एवढं खाऊनही क्रिल पुरून उरतात. जगात क्रिलच्या ८५ च्या आसपास जाती आहेत. त्यांतल्या अंटार्क्टिकाच्या या एकट्या जातीचं वजन शास्त्रज्ञांच्या एका अंदाजाप्रमाणे ३८ कोटी टनांच्या जवळपास भरतं. दाट थव्यात एका घनमीटर पाण्यात दहा हजारांहून जास्त क्रिल असू शकतात. घनमीटर म्हणजे किती, ते कळायला एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच पेटी डोळ्यांपुढे आणा. तेवढ्यात दहा हजार! देवमासे, ॲडेली पेंग्विन, सील, मासे, समुद्रपक्षी, सगळ्यांचं पोट यांच्यावर. क्रॅबइटर नावाचा एक सील आहे. नावाचा अर्थ ‘खेकडे खाणारा’, पण पठ्ठ्या खातो मुख्यतः क्रिल. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातली गत!

देवमाशाच्या पोटाचा प्रश्न सुटला. पण मला त्याच्या पुढचा प्रश्न जास्त मजेचा वाटतो. या ३८ कोटी टनांनी स्वतः काय खायचं? आणि उन्हाळ्यात मिळेलही, पण हिवाळ्यात समुद्र गोठतो, सूर्य उगवेनासा होतो, तेव्हा काय?

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. तिथले ऋतू आपल्या उलट. आपल्याकडे दिवाळीला थंडीची चाहूल लागते, तेव्हा तिथे वसंत ऋतू असतो. आपण कुडकुडत तिळगूळ वाटतो, तेव्हा तिथे ऐन उन्हाळा. पाडव्याला आपण पंखे पुसायला घेतो, तेव्हा तिथे शरद ऋतूचा गारठा सुरू झालेला असतो. आणि आषाढी एकादशीच्या सुमाराला तिथे घोर हिवाळा. अगदी दक्षिणेला तर त्या दिवसांत सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही. आपल्या ‘मैत्री’ या संशोधन केंद्रावर हिवाळ्यात राहिलेल्या भारतीय माणसांनी ही लांबलचक रात्र अनुभवलेली आहे. साधारण दोन महिने सूर्यदर्शन नाही!

तर दिवाळीपासून सुरुवात करू. हिवाळाभर गोठलेला समुद्र आता वितळायला लागतो. वितळलेल्या बर्फाचं पाणी कमी खारट, म्हणून हलकं. ते खालच्या खारट पाण्यात चटकन मिसळत नाही, वरच एक थर धरून राहतं. या थरात डायटम नावाच्या शेवाळाची चैन होते. डायटम एका पेशीचं असतं, साध्या डोळ्यांना दिसत नाही, आणि काचेसारख्या सिलिकेच्या डबीत राहतं. झाडाप्रमाणेच उन्हावर स्वतःचं अन्न करतं. वर ऊन, अंगाखाली हलक्या पाण्याचा थर, बर्फातून सुटलेलं लोह खताला. मग काय विचारता! एका डायटमचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे ना? तसंच. काही ठिकाणी तर पाण्याचा रंग बदलतो आणि तो वरून उपग्रहालाही दिसतो. क्रिलची सुगी ती हीच.

आता हे डोळ्यांना न दिसणारं पीक क्रिल कापतो कसा? त्यासाठी एक प्रयोग करा. बादलीत पाणी घ्या, त्यात तुळशीची वाळलेली पानं चुरून टाका. आता दोन्ही हात पाण्यात बुडवून तळवे समोरासमोर धरा, बोटांत किंचित फट ठेवा. हात लांब करा आणि मग हळूच एकमेकांजवळ आणा. पाणी बोटांच्या फटींतून निसटेल आणि थोडा चुरा हातांत अडकेल. क्रिलच्या छातीला पायांच्या सहा जोड्या असतात, आणि त्या पायांवर बारीक केसांच्या दाट रांगा. पाय पसरले की टोपली उघडते, पाणी आत येतं. पाय मिटले की पाणी केसांमधून बाहेर आणि डायटम आत. काही केसांमधलं अंतर एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पटच असतं. तुमची आई ज्या वस्त्रगाळ कापडातून पीठ चाळते ते याच्यापुढे जाळंच म्हणायचं. आणि ही उघडझाप अखंड चालते, कारण क्रिल पाण्यापेक्षा जड. पाय हलवायचं थांबलं की तळाकडे चालला. म्हणून तो पोहता पोहता जेवतो. (तुम्ही मात्र चालता चालता जेवू नका. हे तुमच्या पालकांसाठी लिहिलं आहे, त्यांना वाचून दाखवा.)

क्रिल नुसता शाकाहारीही नाही. डायटम कमी पडले की पाण्यातले बारीक प्राणीही पकडतो. बरेचदा दिवसा तो खोल अंधारात दडून राहतो, कारण उजेडात पेंग्विनला तो सहज दिसतो. रात्री वर येऊन चरतो. आणि २००८ साली शास्त्रज्ञांनी एक अजब गोष्ट प्रसिद्ध केली. यंत्रमानवाच्या कॅमेऱ्याला समुद्राच्या तळाशी, तीन हजार मीटरहून खोल, मोठे क्रिल सापडले. तळावर पडलेला गाळ ढवळून त्यातलं खात होते! कळसूबाईच्या शिखराची उंची १६४६ मीटर. अशी जवळजवळ दोन कळसूबाई एकावर एक उभी केली तर तेवढी खोली होईल. तोवर सगळ्यांची समजूत होती, की क्रिल म्हणजे वरवरच्या पाण्यातला प्राणी.

तर उन्हाळाभर खायचं, वाढायचं, दोन-चार आठवड्यांनी कात टाकून मोठं व्हायचं. कात म्हणजे वरचं कवच. ते कवच वाढत नाही, म्हणून आतलं शरीर वाढलं की जुना अंगरखा फेकून नवा घ्यावा लागतो. उन्हाळ्यातच माद्या अंडी घालतात, एका वेळी काही हजार. ती अंडी शेकडो मीटर खोल बुडतात, तिथे फुटतात, आणि आतली पिल्लं बलकाच्या शिदोरीवर पुन्हा वर चढत येतात. या चढणीला तीन-चार आठवडे लागतात. या पिल्लांना विसरू नका, पुढे त्यांचंच काम आहे.

उन्हाळा सरत आला, की मोठे क्रिल अंगात चरबी साठवायला लागतात. आपल्याकडे पावसाळ्याआधी कोकणात आगोटीची तयारी असते तशीच ही. डाळ-तांदूळ भरून ठेवा, पापड, सुकी मासळी, लाकूडफाटा सगळं घरात आणून ठेवा, मग पाऊस खुशाल कोसळू दे. क्रिलकडे कणगी नाही, फळी नाही. तो शरीरातच साठवतो. शरद ऋतूच्या शेवटाला त्याच्या सुक्या वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत नुसती चरबी असू शकते.

मग समुद्र गोठायला लागतो. हा गोठणारा भाग किती असेल? फेब्रुवारीत, तिथला उन्हाळा संपताना, अंटार्क्टिकाभोवती साधारण ३० लाख चौरस किलोमीटर समुद्रावर बर्फ असतो. भारताचं क्षेत्रफळ जवळजवळ ३३ लाख, म्हणजे एक भारत धरा. सप्टेंबरपर्यंत हा बर्फ वाढत वाढत सव्वापाच-साडेपाच भारतांएवढा होतो. आणि दर वर्षी पुन्हा वितळतो! पृथ्वीवर दर वर्षी होणारी एवढी मोठी उलथापालथ दुसरी क्वचितच असेल.

बर्फाचं झाकण बसलं, सूर्य गेला. डायटमचं पीक बंद. आता क्रिलचा उपास सुरू.

हा उपास तो कसा काढतो, हे कळायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षं लागली, कारण हिवाळ्यात तिथे जाणार कोण? मग काही जणांनी क्रिललाच प्रयोगशाळेत आणलं. १९८२ साली ऑस्ट्रेलियात इकेडा आणि डिक्सन या दोन शास्त्रज्ञांनी क्रिलला खायला न देता नुसत्या समुद्राच्या पाण्यात ठेवलं. एक आठवडा गेला, एक महिना गेला, चार महिने गेले. तुम्हाला काय वाटतं, किती दिवस टिकले असतील? २११ दिवस! सात महिने म्हणा ना. आणि त्याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. उपाशी असतानाही क्रिल ठरल्यासारखी कात टाकत होते, पण प्रत्येक कातीबरोबर मोठे होण्याऐवजी लहान होत होते. नवं कवच जुन्यापेक्षा आखूड. विचार करा, दिवाळीत शिवलेला शर्ट तुम्हाला शिमग्याला ढगळ व्हायला लागला तर! आपण उपाशी राहिलो तर बारीक होतो, पण उंची काही कमी होत नाही. क्रिलची होते. जेवढं शरीर लहान, तेवढं त्याला पोसायला कमी लागतं. काटकसरीचा असा उपाय मी तरी दुसऱ्या प्राण्यात ऐकला नव्हता.

यातून शास्त्रज्ञांची एक फजिती झाली. पूर्वी क्रिलचं वय त्याच्या लांबीवरून ठरवत. लहान म्हणजे तान्हा, मोठा म्हणजे म्हातारा. त्या हिशेबाने क्रिल दोनेक वर्षं जगतो असं कित्येकांना वाटे. पण हा तर हिवाळ्यात पुन्हा लहान होतो! मोठ्यांच्या खुणाही गमावून पोरासारखा दिसायला लागतो. मग खरं वय सांगायचं कसं? तेव्हा कुणीतरी डोळ्यांकडे बघितलं. शरीर आखडतं, पण डोळा आखडत नाही. छोट्या अंगावर मोठे डोळे दिसले की समजावं, हे पोर नव्हे, उपाशी काका आहेत. आता क्रिल पाच-सहा वर्षं किंवा त्याहूनही जास्त जगतो असं मानतात.

लहान होण्याबरोबरच मोठा क्रिल हिवाळ्यात आपली चूलच मंद करतो. त्याचं श्वसन उन्हाळ्याच्या मानाने निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. भूकही कमी होते. ‘खायला नाही म्हणून भूक मारली असेल,’ असं तुम्ही म्हणाल. मीही हे पहिल्यांदा वाचताना तसंच समजत होते. पण २००७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग बघा. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर क्रिल पाळायची एक खास प्रयोगशाळा आहे. तिथे क्रिलला तीन टाक्यांत ठेवलं. खाणं तिन्हीकडे सारखंच. फरक फक्त दिव्यांचा. एकीकडे उन्हाळ्यासारखा अखंड उजेड, दुसरीकडे शरद ऋतूसारखा थोडा उजेड थोडा अंधार, तिसरीकडे हिवाळ्यासारखा काळोख. काळोखातल्या क्रिलपुढे ताट वाढलेलं होतं, तरी ते कमी खात होते, त्यांची चूल मंदच होती. उजेडातले मात्र भराभर खात होते.

म्हणजे क्रिलची भूक पोट ठरवत नाही. दिवस किती तासांचा आहे, हे बघून ठरते. सूर्य हे त्याचं घड्याळ आहे आणि पंचांगही. दिवस लहान झाले की, ‘बास, आता हिवाळा आला, चूल विझवा.’ दिवस मोठे व्हायला लागले की, ‘उठा, सुगी येते आहे.’ पीक येण्याआधीच तो तयार होतो. सगळीकडे मात्र हा उपास सारखा कडक नसतो. साउथ जॉर्जिया बेटाच्या बाजूला, जिथे अक्षांश कमी आणि हिवाळ्यातही थोडं ऊन असतं, तिथले क्रिल हिवाळ्यातही बऱ्यापैकी खातात. आपल्याकडे कुणी निर्जळी करतं आणि कुणी साबुदाण्याच्या खिचडीवर उपास करतं, तसं.

आता त्या पिल्लांकडे या.

उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लं हिवाळा येईतो एक सेंटिमीटरसुद्धा झालेली नसतात. त्यांच्या अंगात चरबी साठवायला जागाच कुठे? मोठ्यांसारखा सात महिन्यांचा उपास त्यांना झेपत नाही. त्यांना पहिल्या हिवाळ्यात काहीतरी खायला मिळालंच पाहिजे. पण समुद्र तर गोठलेला. मग?

खायला त्या बर्फालाच लागलेलं असतं! समुद्राचं पाणी गोठतं तेव्हा त्यातले डायटम बर्फात अडकतात. समुद्रावरचा बर्फ तुमच्या फ्रीजमधल्या बर्फासारखा घट्ट नसतो, त्यात खाऱ्या पाण्याच्या बारीक नळ्या आणि पोकळ्या असतात. त्यांत डायटम तग धरून राहतात. वसंताचं पहिलं फिकं ऊन बर्फातून झिरपलं की उघड्या समुद्राच्या आधी ते इथे वाढायला लागतात. बर्फ फोडत जाणाऱ्या जहाजाने एखादी लादी उलटी केली, तर तिचा तळ चहा सांडल्यासारखा तपकिरी दिसतो. वरून शुभ्र, खालून शेतच!

१९८८ साली मार्शल नावाच्या एका जर्मन शास्त्रज्ञाने वेडेल समुद्रातलं निरीक्षण प्रसिद्ध केलं. पाण्याखालच्या कॅमेऱ्यात क्रिल बर्फाच्या तळाला उलटे होऊन चरताना दिसले होते, घराच्या छताला पाठ खाली करून चालणाऱ्या पालीसारखे. ज्या पायांची उन्हाळ्यात टोपली होते, त्याच पायांच्या टोकांनी हे बर्फ खरवडत होते. दुधाच्या पातेल्याची खरवड तुम्ही चमच्याने काढता ना, अगदी तसं.

पिल्लांचं हिवाळ्यातलं घर हेच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की पिल्लं दिवसा एकमेकांवर चढलेल्या लाद्यांच्या कपारींत लपतात आणि रात्री खालच्या पाण्यात उतरतात. त्याच अभ्यासाने असंही सांगितलं, की या घरात आसरा आहे, पण अन्न जेमतेमच. ऐन हिवाळ्यात बर्फाला लागलेलं शेवाळही थोडंच असतं. पिल्लं मिळेल ते गोळा करून दिवस काढतात. म्हणून कुठे किती बर्फ आहे, तो कधी आला आणि कधी गेला, यावर त्या वर्षी किती पिल्लं जगणार याचा बराच हिशेब ठरतो.

आणि इथेच घोटाळा आहे. क्रिलचं घड्याळ सूर्याचं आहे. ते लाखो वर्षं बिघडलेलं नाही. जूनमध्ये रात्र मोठी होणार म्हणजे होणारच. पण पिल्लांचं कोठार बर्फाचं आहे, आणि ते आता बेभरवशाचं व्हायला लागलं आहे. अंटार्क्टिकाचा एक लांब शेंडा दक्षिण अमेरिकेकडे निघालेला आहे, गोलावर बघा. त्याच्या पश्चिमेच्या समुद्रात १९७९ ते २००४ या काळात बर्फाचा मोसम सुमारे ८५ दिवसांनी आखडला. बर्फ उशिरा येऊ लागला आणि लवकर जाऊ लागला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तर सगळ्या अंटार्क्टिकाभोवती मिळून बर्फ १६९.६ लाख चौरस किलोमीटरच्या पुढे गेलाच नाही. उपग्रह मोजमाप करू लागल्यापासून हिवाळ्यातला एवढा कमी बर्फ तोवर कधीच दिसला नव्हता. आधीचा नीचांक १९८६ चा होता, त्याहूनही हा सुमारे १० लाखांनी कमी. म्हणजे तीन महाराष्ट्र बसतील एवढा बर्फ गायब! घड्याळात जेवणाची वेळ झाली आणि पानात काही नाही, अशी ही गोष्ट.

त्यात माणसंही क्रिल पकडतात. मुख्यतः माशांच्या शेतीला खाद्य म्हणून आणि तेलाच्या गोळ्यांसाठी. यावर लक्ष ठेवायला १९८२ पासून एक आंतरराष्ट्रीय करार लागू आहे, भारतही १९८६ पासून त्यात आहे. अंटार्क्टिकाच्या शेंड्याच्या आणि साउथ जॉर्जियाच्या बाजूच्या समुद्रात मोसमाला ६ लाख २० हजार टनांची मर्यादा घातलेली आहे. २०२५ साली मोसम संपायच्या आतच ती पहिल्यांदा गाठली गेली आणि मासेमारी थांबवावी लागली. एकूण ३८ कोटी टनांपुढे हा आकडा फार लहान आहे, हे खरं. पण जहाजं सगळ्या महासागरात सारखी पसरत नाहीत. जिथे थवे दाट तिथे ती जातात, आणि पेंग्विन नि देवमासेही तिथेच जेवायला आलेले असतात. मला विचाराल तर ‘किती पकडले’ इतकंच ‘कुठे आणि कधी पकडले’ हेही विचारलं पाहिजे.

देवमाशांवरून आठवलं. विसाव्या शतकात माणसाने दक्षिण गोलार्धात वीस लाखांहून जास्त देवमासे मारले. तेव्हा काही लोकांना वाटलं, खाणारे गेले, आता क्रिल वाढतील. पण तशी क्रिलची रेलचेल झालेली दिसली नाही. असं का? बऱ्याच शास्त्रज्ञांच्या मते उत्तर देवमाशाच्या शेणात आहे! हसू नका. मघाशी डायटमला लोह लागतं म्हटलं, ते दक्षिण महासागरात फार कमी. क्रिलच्या अंगात लोह असतं. देवमासा क्रिल खातो आणि वरच्या पाण्यात विष्ठा टाकतो, त्यातून ते लोह पुन्हा डायटमला मिळतं. गुरं गेली की शेणखत गेलं, आणि शेणखत गेलं की पीकही उतरलं. शेतकऱ्यांच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको.

आपल्या भारतीय शास्त्रज्ञांचाही या समुद्राशी जुना संबंध आहे. १९८१ च्या डिसेंबरात पहिली भारतीय तुकडी गोव्याहून निघाली आणि १९८२ च्या जानेवारीत अंटार्क्टिकावर उतरली. पुढे १९९५-९६ मध्ये ‘सागर संपदा’ हे आपलं संशोधन जहाज खास क्रिलच्या अभ्यासासाठी दक्षिण महासागरात गेलं होतं. आजही ध्रुवीय संशोधनाचं आपलं राष्ट्रीय केंद्र गोव्यात वास्कोला आहे. गोव्यातल्या मुलांनी शाळेच्या सहलीत त्याची चौकशी करून बघावी.

आता तुमचं काम. मोठ्या कागदावर एकात एक अशी दोन वर्तुळं काढा आणि त्यांचे बारा भाग करा, जानेवारी ते डिसेंबर. बाहेरच्या कड्यात आपले सण आणि आपली पिकं लिहा. आतल्या कड्यात क्रिलचं वर्ष भरा. सुगी कधी, अंडी कधी, चरबी कधी साठवायची, उपास कधी, पिल्लं बर्फाखाली कधी. मग तीन प्रश्नांची उत्तरं कड्यात बघून द्या. तुमच्या वाढदिवसाला क्रिल काय करत असतो? त्याचं पोट हिरवं असतं का? आणि तुमच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागते, तेव्हा पिल्लांकडे निघालेला बर्फ वाढत असतो की वितळत असतो? बर्फ रंगवाल तेव्हा वरची बाजू कोरी सोडा, खालच्या बाजूला मात्र तपकिरी पेन्सिल फिरवायला विसरू नका.